इंजिनाची खांदमळण

पट्ट्याला तूप मी लावलं होतं.

हे वाक्य आज कागदावर लिहिताना माझा हात अडखळत नाही. पण तेच एकदा इंग्रजीत बोलायची वेळ आली होती, तेव्हा मी ते बोललो नाही. आणि मराठीतलं इंग्रजीत बोलणं एवढाच तर माझा धंदा होता. या अंकाच्या संपादकांनी "नोकरीतल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलं आहे. गमती पुष्कळ झाल्या. त्यातली सगळ्यात मोठी हीच, आणि ती एका माणसाला महागात पडली. म्हणून कबुली आधी देऊन टाकतो, मग वाचकांनी मोकळेपणाने हसावं. मीही हसणार आहे. गोष्ट हसण्यासारखी आहे, हेच तिच्यातलं वाईट.

अकोल्याला एका विलायती कंपनीचं जिन होतं. तिथे मी कारकून होतो, पण खरं काम दुभाष्याचं. ज्यांनी जिन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वावरातला कापूस बंड्यांतून, म्हणजे बैलगाड्यांतून, जिनात येतो. यंत्र त्यातली सरकी वेगळी काढतं, उरलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधतात, आणि त्या गाठी आगगाडीने मुंबईला, तिथून बोटीने विलायतेला जातात. पूर्वी सरकी काढायचं काम बायका घरोघरी हाताच्या रेच्यावर करत. अमरावतीला आमच्या आळीत तसला एक रेचा कितीतरी वर्षं माळ्यावर धूळ खात होता. तो चालवणाऱ्या बायका केव्हाच जिनात यंत्रापुढे कापूस टाकायला बसल्या होत्या, आणि रेचा कसा लावायचा ते त्यांच्या मुलींना सांगता येत नव्हतं.

जिनातली सगळी यंत्रं एकाच वाफेच्या इंजिनावर चालत. इंजिनाचं मोठं चाक फिरे, त्यावरून माणसाच्या छातीएवढा रुंद चामड्याचा पट्टा जाई, तो छताखालचा लांबच लांब दांडा फिरवी, आणि त्या दांड्यावरून लहान पट्टे एकेका यंत्राकडे उतरत. मोठा पट्टा घसरला की सगळं जिन गप्प. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजेल.

आता दुभाष्याचा धंदा. लोकांना वाटतं, दुभाषी म्हणजे इकडचा शब्द उचलून तिकडे ठेवणारा हमाल. मी स्वतःला रंधा मारणारा सुतार समजत होतो. साहेब ओरडायचा, "त्या गाढवाला सांग, पुन्हा इथे विडी ओढली तर लाथ घालून हाकलीन." मी सांगायचो, "साहेबांना तुमच्या जिवाची काळजी वाटते. विडी बाहेर ओढा." बॉयलरपुढे कोळसा टाकणारा उकंडा म्हणायचा, "त्याले म्हना, तुह्या बापानं कदी भट्टीपुढं उभं राहून पायलं काय?" मी साहेबाला सांगायचो, "तो म्हणतो, आज उकाडा फार आहे." साहेब सहानुभूतीने मान हलवायचा. माझ्या भाषांतरात कोणी कोणाला कधी शिवी दिली नाही. याचा मला मोठा अभिमान होता, आणि पुढे सगळं बिघडलं ते याच सवयीने.

कंपनीने अकोल्यात पैसा ओतला, यंत्रं आणली, शेकडो माणसांना कामाला लावलं. पण यंत्राचं पोट उघडायची कला मात्र तिने मुंबईहून आणलेल्या फिटरांपाशीच ठेवली होती. इंजिन बिघडलं की फिटर येई आणि पाना हातात घेण्याआधी चहूबाजूंनी ताडपत्री बांधून घेई. आमच्या लोकांना आतलं काही दिसू नये म्हणून. त्याचंही खरं होतं. दिसलं असतं तर त्याला कोण बोलावणार? आम्ही सगळे बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे असल्यासारखे ताटकळत असू. आतून ठोकण्याचे आवाज येत. मग फिटर घाम पुसत बाहेर येई, आणि आता पेढे वाटायचे की काय असं मला दर वेळी वाटे.

त्या ताडपत्रीबाहेर तेलाचा डबा धरून उभा राहणारा माणूस म्हणजे पुंजाजी. मोर्णा नदीच्या काठी त्याच्या घरची वांग्यांची आणि झेंडूची बाग होती. सकाळची भाजी बाजारात टाकून तो जिनात यंत्रांना तेल घालायला येई. आतलं दिसत नाही म्हणून तो ऐकायला लागला. बांबूची एक काठी होती त्याच्याजवळ. तिचं एक टोक ताडपत्रीखालून इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला. "आता नट काढला. आता आतलं पितळ घासून राहिला. आता लेक नुसताच बसला हाय, उगीच ठोकून राहिला," असं तो बाहेर उभा राहून सांगे. बरंचसं खरं निघे. जे खरं नसे ते तो जास्त मोठ्याने सांगे.

मग विल्बी नावाचा साहेब मॅनेजर होऊन आला. त्या हंगामात मुंबईचा फिटर भाचीच्या लग्नाला गेला तो परतलाच नाही, आणि बंद जिनासमोर कापसाच्या बंड्यांची रांग पार पुलापर्यंत गेली. विल्बी साहेबाने ती ताडपत्री काढून आपल्या घोड्याच्या तबेल्यावर घातली आणि जाहीर केलं, की पावसाळ्यात जिन बंद असतं तेव्हा मी स्वतः इथल्या माणसांना इंजिन शिकवणार.

मी भारावून म्हणालो, "साहेब, हे फार पुण्याचं काम आहे."

"पुण्य कसलं?" साहेब म्हणाला. "इथला फिटर स्वस्त पडेल."

शिकवणी सुरू झाली. साहेब बोले, मी त्याचं मराठी करी. या प्रसंगाला साजेलशी भाषा मी मुद्दाम तयार केली होती. "या चक्राच्या परिभ्रमणामुळे उत्पन्न होणाऱ्या घर्षणाचे शमन करणे, हे तैलाचे प्रयोजन होय," असं मी सांगितलं, तेव्हा सगळे हात जोडून उभे होते. उकंडा हळूच म्हणाला, "बाबूजी, पूजा संपली का सांगजा. परसादाले येतो."

पुंजाजीने हात जोडले नव्हते. तो म्हणाला, "बाबूजी, तुमी जरा बाजूले सरका ना जी. सायबाले हातानं दाखू द्या."

मी बाजूला सरकलो. मग मला पुन्हा मधे यायला जागाच मिळाली नाही. साहेब दाखवी, पुंजाजी करी. चुकलं की साहेब हातावर चापटी मारी, बरोबर आलं की पुंजाजीच स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेई. थोड्याच दिवसांत साहेबाला आमचे शब्दही यायला लागले. "कावून गरम?" "तेल नाई, सायेब." "कावून नाई?" कावून म्हणजे का; एवढ्यावर त्यांचा सगळा संसार चाले. पुढे पुण्याकडून बदलून आलेले एक मुन्सफ साहेबाकडे चहाला आले, तेव्हा आपलं मराठी दाखवावं म्हणून विल्बी साहेबाने अत्यंत अदबीने विचारलं, "कावून आले जी?" मुन्सफ चहा न पिता गेले. मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं. माझी अजून गरज होती.

बाकीचे दिवस मी खुर्ची टाकून बसे आणि दोन माणसांना माझ्यावाचून एकमेकांचं समजताना बघे. दुभाष्याला याहून मोठं दुःख नाही. पगार चालू होता, कोणी काही बोलत नव्हतं, पण आज ना उद्या साहेब माझ्याकडे पाहून "हा कावून?" म्हणणार, अशी धास्ती मला बसली.

त्यात पुंजाजीचा थाट बघवत नव्हता. तो आता ती काठी घेऊन अकोलाभर हिंडे आणि दिसेल त्याला कान लावे. पिठाच्या जात्याला लावून म्हणे, "खुंटा झिजला." देवळातल्या घंटेला लावून पुजाऱ्याला म्हणे, "महाराज, आतून तडकली हाय, पुढच्या वर्सी फुटन." ती अजून वाजते आहे. इंजिनाच्या सांध्यांना एरंडेल घालतात, म्हणून सासूच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्याला काठी लावून त्याने एरंडेल सांगितलं. चोळायचं की प्यायचं ते सांगायचं राहिलं. म्हातारी प्यायली. गुडघा होता तसाच राहिला, पण पुढचे दोन दिवस तिची चालण्याची तडफ पाहून शेजारच्यांनी पुंजाजीला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली.

पावसाळा सरत आला तेव्हा ठरलं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईचे बडे साहेब येतील. त्यांच्यासमोर आमच्या लोकांनी इंजिन एकट्याने चालवून दाखवायचं. जमलं तर पुंजाजी जिनाचा फिटर आणि मुंबईचे फिटर कायमचे बंद. नाही जमलं तर ही शिकवणी म्हणजे विल्बी साहेबाचा वेडेपणा. पुंजाजीने आपल्याला जमणार हे गृहीत धरून आधीच काळा कोट शिवून घेतला होता. तो कोट धोतरावर घालून तो बाजारात वांगी विकायला बसे, आणि गिऱ्हाईकांना भावाआधी इंजिनाची माहिती देई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळण असते. बैलांना नदीवर धुऊन आणतात, जू बसतं त्या खांद्याला तूप-हळद चोळतात, आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" असं त्यांना आमंत्रण देतात. उकंडाने विषय काढला. "इंजन बी तं वर्सभर वढतेच ना? त्याचा खांदा कोनं मळावा? सायबाच्या बायकोनं?"

सगळ्यांना ते पटलं. मला म्हणाले, साहेबाला विचारा. मी आत गेलो, साहेबाच्या टेबलावरची शाईची दौत सरळ केली, बाहेर आलो आणि सांगितलं, "साहेब म्हणतो, अवश्य करा." मी त्याला काहीच विचारलं नव्हतं. उगाच वाद नको, म्हणून.

पुंजाजीने बागेतला झेंडू आणला. इंजिनावर झूल घातली, पितळी पाटीला कुंकू लावलं. आणि सर्वांना दम भरला, "तूप लावाचं तं पाटीले लावा, खांबाले लावा. पट्ट्याले नाई तं मोठ्या चाकाच्या पाठीले कोनं हात लावला तं हात तोडीन. समजलं काय?"

मी घरून तुपाची वाटी घेऊन गेलो होतो. आमच्या कुटुंबाने लोणी कढवताना विड्याचं पान टाकून, रवाळ, खास इंजिनासाठी केलेलं तूप. "अहो, साहेबाचं इंजिन आहे, बाजारातलं काही नेऊ नका," असं मुद्दाम बजावलं होतं. वाटी घेऊन मी पुढे झालो तेवढ्यात पुंजाजी सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबूजी, तुमी तं दूरच राहा. तुमचं काम तोंडाचं हाय."

लोक हसले. उकंडा सगळ्यात मोठ्याने.

मग सगळे आपापले बैल धुवायला नदीवर गेले. मी, इंजिन आणि तुपाची वाटी, एवढेच मागे राहिलो. भरली वाटी घरी परत न्यायची तर कुटुंबाला काय सांगू? आणि आमच्या घराण्यात कोणी कधी बैल बाळगला नव्हता. पोळा आम्ही दुसऱ्यांचा बघत आलो. मला त्या क्षणी फार वाटलं, की एकदा तरी आपण कोणाची खांदमळण करावी. आणि मी विचार केला. विचार करणं हे मी स्वतःचं खास काम समजत होतो. बैलाचा खांदा कुठला? जिथे जू बसतं, जिथे ओढ पडते तो. मग इंजिनाचा खांदा कुठला? पाटी नव्हे, खांब नव्हे. पट्टा चाकावर बसतो ती जागा! या अडाण्यांना एवढंही सुचू नये, याचं मला नवल वाटलं. पुंजाजीने नको म्हटलेली जागा नेमकी हीच, हेही माझ्या लक्षात होतं. ते लक्षात असूनही लावलं असं म्हणू, की लक्षात होतं म्हणूनच लावलं असं म्हणू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुपात हळद कालवून चाकाची पाठ मी प्रेमाने चोळली. पट्ट्याच्या आतल्या बाजूलाही हात जाईल तिथवर तूप पोचवलं. वाटी पुसून घेतली. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं इंजिनाला शुद्ध मराठीत सांगितलं आणि डोळे भरून आले ते पुसत घरी गेलो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडे साहेब आले. अंगाने मोठे, डोक्यावर मोठी पांढरी टोपी. पुंजाजी कोट घालून इंजिनापाशी उभा होता. विल्बी साहेबाने मान हलवली. पुंजाजीने वाफ सोडली. मोठं चाक हललं, फिरलं, छान फिरलं. पट्टा मात्र जागच्या जागी. छताखालचा दांडा ढिम्म. चाक पट्ट्याखालून गरागरा फिरतंय आणि पट्टा माझ्यासारखा नुसता बघतोय. मग पट्टा तापला, आणि सगळ्या जिनात वास पसरला.

शिऱ्याचा.

बड्या साहेबांनी नाक वर करून विचारलं, "इथे स्वयंपाकघर आहे का?" कोणी उत्तर देण्याआधी पट्टा कळवळून ओरडला, चाकावरून उडाला, आणि त्याच्या शेपटाने साहेबांची टोपी सरकीच्या ढिगात नेऊन टाकली. डोकं जागेवर राहिलं, ही परमेश्वराची कृपा. पुंजाजीने वाफ बंद केली. त्याच्या अंगावर हळदीचे शिंतोडे होते. हळद लागलेल्या नवरदेवासारखा तो उभा होता.

तो पट्ट्याजवळ गेला. बोट फिरवलं, वास घेतला. चामड्याला चिकटलेला विड्याच्या पानाचा करपलेला तुकडा सोलून काढला आणि विल्बी साहेबाच्या हातावर ठेवला. मग माझ्याकडे बोट करून, सगळ्या जिनाला ऐकू जाईल असं म्हणाला, "सायेब, आमच्या घरच्या तुपात पान नाई राहत. हे तूप बाबूजीच्या घरचं हाय. म्या नको म्हनलं तरी त्यायनं लावलं. इचारा त्यायले!"

विल्बी साहेब कामापुरतं बोले. एवढं लांब त्याला समजणारं नव्हतं. बडे साहेब तर मराठी जाणतच नव्हते. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या जिनानेही पाहिलं.

"काय म्हणतो तो?" विल्बी साहेबाने विचारलं.

मी इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतो, आमच्या रिवाजाप्रमाणे तूप लावलं गेलं. चूक झाली. तो माफी मागतो."

रंधा मारला. सवयीने हात गेला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो.

साहेबाने मान हलवली. बडे साहेब टोपी झटकत म्हणाले, "मुंबईहून फिटर पाठवतो," आणि गेले. लोकांनी काय पाहिलं? पुंजाजीने भर जिनात खरं सांगितलं, बाबूजींनी ते साहेबाला सांगितलं, साहेबाने शांतपणे मान हलवली, आणि शिक्षा झाली ती पुंजाजीला. दुसऱ्या दिवसापासून लोक मला वाकून रामराम घालायला लागले. एवढं वजन असलेला कारकून त्यांनी पाहिला नव्हता. उकंडा म्हणाला, "बाबूजी, तुमी सायबाले काय खाऊ घालता जी? पानाचं तूपच काय?" मी हसलो. तेही मला आठवतं.

नवा फिटर आला. साहेबाच्या तबेल्यावरची ताडपत्री निघाली आणि पुन्हा इंजिनाभोवती बांधली गेली. घोड्याला उरलेल्या पावसात खोकला झाला. पुंजाजीने नोकरी सोडली. काही दिवसांनी मोर्णेच्या काठाने जाताना मला त्याच्या वांग्यांच्या वाफ्यात एक बुजगावणं दिसलं. त्याच्या अंगात तो काळा कोट होता, बाह्यांत कडबा भरलेला. एक बाही लांब करून ती रस्त्याकडे, म्हणजे नेमकी माझ्याकडे दाखवत होती. मी त्या रस्त्याने जाणं सोडून दिलं. स्टेशनाला जायचं तरी मोठा वळसा घाली. पुढच्या पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले, तेव्हा पोरांनी नवी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटलं:

"बैलाचा खांदा मळते कुनबी, इंजनाचा मळते बाबू,
टोपी गेली सरकीमंदी, सायेब कसा राह्यते काबू!
हर हर महादेव!"

मीही इतरांबरोबर "महादेव" म्हटलं. काय करणार?

शिकलेली बाकीची माणसंही एकेक करून फाटकाबाहेर पडली. ज्याच्याबरोबर शिकली तो पुंजाजीच गेल्यावर ताडपत्रीबाहेर उभं राहायला कोणी तयार नव्हतं. पण एकदा शिकलेलं ताडपत्रीत परत कोंबता येत नाही. एक धामणगावला डाळीच्या गिरणीत गेला. दुसऱ्याने नांदगाव खंडेश्वरला पिठाची चक्की बसवली. पुंजाजी अमरावतीला गेला आणि तिथे त्याने दुरुस्तीचं दुकान काढलं. विहिरीवरचं तेलाचं इंजिन असो, सोडावॉटरचं यंत्र असो, फिरत्या सिनेमाचं असो, सगळ्या जिल्ह्यातून माणसं त्याच्याकडे येऊ लागली. आता सभांमधून वाद ऐकतो, परक्या कंपन्यांनी आम्हाला शिकवलं की लुबाडलं. वक्ते जोरात असतात. मी मागच्या बाकावर बसतो. कंपनीने शिकवायचं ठरवलं होतं, आमची माणसं शिकलीही होती. मधे मी होतो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. कापसाचे भाव बसले आणि कंपनीने जिन विकायला काढलं. अकोल्याचेच एक शेटजी घेणार होते. विक्रीचं बोलणं करायला मुंबईहून खुद्द विल्बी साहेब आला; आता पिकलेला, आणि त्याचं "कावून" सोडून बाकीचं मराठी गेलेलं. म्हणून मला बोलावणं आलं. शेटजी म्हणाले, "इंजिन आधी आमचा मिस्त्री पाहील, मग भाव बोलू." मिस्त्री अमरावतीहून आला. बरोबर दोन शागीर्द, अंगात नवा काळा कोट, हातात तीच काठी.

पुंजाजीने इंजिनाला काठी लावली, कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"काय म्हणते मशीन?" शेटजींनी विचारलं.

"मशीन चांगलं हाय. लोकायनं हाल केले त्याचे."

विल्बी साहेब त्या काठीकडे टक लावून पाहत होता. मला इंग्रजीत म्हणाला, "याला विचारा, आपली ओळख आहे ना?"

मी विचारलं. पुंजाजी इंजिनापासून उठला, माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "ओळख हाय म्हना. अन् बाबूजी, तवा जे सांगतलं होतं तेच आता बी सांगा. तूप तुमच्या घरचं होतं. तुमी काय सांगता, मी ऐकून राहिलो." असं म्हणून त्याने काठीचं एक टोक माझ्या छातीला लावलं आणि दुसरं आपल्या कानाला.

म्हातारा उकंडा बॉयलरपाशी उभा होता. तो म्हणाला, "जपून, मिस्त्री. बॉयलर जुना हाय."

पळायला जागा नव्हती. मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं, "तो म्हणतो, त्या दिवशीचं तूप माझ्या घरचं होतं. त्या दिवशीही तो हेच म्हणाला होता. मी तुम्हाला दुसरंच सांगितलं. तूप मी लावलं होतं."

मला वाटलं साहेब ओरडेल. त्याने पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं. त्याने माझ्या हातावर पान ठेवलं होतं, आणि दिवाळीला मी तुमच्या घरी जेवलो होतो. तोच वास." 

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"फिटर तारेने मागवता येतो. तुमच्याशिवाय मला इथे एका माणसाशीही धड बोलता आलं नसतं. तेव्हा गप्प राहणं स्वस्त पडलं." त्याने टोपी काढली. "त्याला सांगा, मला वाईट वाटतं."

साहेबाला माझी गरज उरणार नाही, या ज्या भीतीने मी ते सगळं केलं होतं, ती भीतीच खोटी होती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पण पुंजाजी वाट पाहत होता. मी घाईघाईने म्हणालो, "साहेब म्हणतो, त्याला ते ठाऊक होतं, त्याला वाईट वाटतं, फार चूक झाली, माफ करा."

पुंजाजीने कानावरची काठी काढली नाही. "थांबा, थांबा. यातलं सायबाचं कोनतं अन् तुमचं कोनतं? तुमचं नेमीच कालवलेलं राह्यते. अलग अलग सांगा."

"वाईट वाटतं, ते साहेबाचं," मी म्हणालो. अमरावतीत जन्मलो, अकोल्यात केस पिकले, पण या लोकांशी मी कधी त्यांच्या बोलीत बोललो नव्हतो.

"आता माहं सांगतो, पुंजाजीभाऊ. तूप म्या लावलं, अन् नाव तुमचं सांगतलं. मले माफी द्या."